खुलासा: ब्रॉयलरची वाढ हार्मोनमुळे नव्हे, निवड पैदाशीमुळे

‘हार्मोनची इंजेक्शने देऊन ब्रॉयलर चाळीस दिवसांत फुगवतात’ हा ब्रॉयलरबद्दल, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांबद्दल, फिरणारा दावा चुकीचा आहे. ही वाढ निवड पैदाशीची, म्हणजे पिढ्यानपिढ्या जलद वाढणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास करण्याची. वाढीचे हार्मोन हे प्रथिन. खाद्यातून दिले तर पचून जाते. टोचायचे तर वारंवार, तेही हजारो पक्षी एकेक पकडून! कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ पासून निवड न करता जपलेल्या वाणांची पिल्ले २००५ च्या ब्रॉयलरसोबत सारख्याच खाद्यावर वाढवली. ५६ व्या दिवशी सरासरी वजने अनुक्रमे सुमारे ०.९, १.८ आणि ४.२ किलो भरली. फरक आनुवंशिकतेचाच. अर्थात ही वाढ फुकटची नाही: पायांचे दोष, जलोदर (पोटात पाणी साचणे) मागे लागतात. पैदाशीच्या कोंबड्यांना (ज्यांच्या अंड्यांतून ब्रॉयलरची पिल्ले निघतात) तर पोटभर खाऊ घातले की त्या लठ्ठ होऊन अंडी घटतात, म्हणून त्यांचे खाद्य मोजूनच द्यावे लागते.