बैठका

सोमवारी संध्याकाळी मी जिममध्ये बैठका मारल्या आणि आज, बुधवारी सकाळी, ७२ वर्षांच्या माणसाने उठून मला बसमध्ये जागा दिली. माझं वय ४३.

बसने का गेलो, तर मोटारसायकलवरून पाय पलीकडे जाईना. स्नायूंचं हे दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत चढत जातं, सावकाराच्या व्याजासारखं. मंगळवारी सकाळी तर मी ऑफिसात सांगत फिरत होतो की आपल्याला काही होत नाही.

बसच्या पायऱ्या दांड्याला धरून, खेकड्यासारखा आडवा चढलो. ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवरचे आजोबा ताडकन उठले. पांढरा सदरा, काखेत पिशवी, पोट सपाट. पोटाचं मला जास्त लागलं.

"बसा, बसा. गुडघे का?"

"नाही हो. जरा बैठका..."

"मीटिंगा? त्यानं पाय दुखतात?"

"मीटिंगा नाही. व्यायामाच्या बैठका. स्क्वॉट."

"अस्सं. किती मारल्या?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. "पाच-पाचचे तीन सेट," मी म्हणालो. "खांद्यावर २० किलोचा बार होता." त्या बारला एकही वजन लावलेलं नव्हतं, एवढं मात्र गाळलं.

"म्हणजे पंधरा!" हा गुणाकार पार मागच्या सीटपर्यंत ऐकू गेला.

आजोबा मूळचे शुक्रवार पेठेतले. लहानपणी चिंचेच्या तालमीत जायचे, रोज पाचशे बैठका, त्याही दूध प्यायच्या आधी. "टाचा कुठे होत्या तुझ्या?" त्यांनी विचारलं. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला त्यांना तो पंधराचा आकडा पुरला होता.

"जमिनीला. ट्रेनर म्हणतो, टाच उचलायची नाही."

"छे! चवड्यांवर मारायची बैठक. थांब, दाखवतो."

चांदणी चौकाचं वळण, बस एका अंगावर कललेली, आणि या माणसाने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली (मांडीवरच ठेवायची होती!) आणि मधल्या वाटेत, कशालाही न धरता, बैठका सुरू केल्या. कॉलेजची पोरं मोजायला लागली. अकरा. बारा. सोळाव्याला टाळ्या पडल्या. सोळाव्यालाच का पडल्या, ते माझ्या लक्षात आलं. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला आणि आजोबांना नाही, मला म्हणाला, "साहेब, शोभतं का? म्हाताऱ्या माणसाला उठवून स्वतः बसलात." मी लगेच उठायला गेलो. उठता आलं नाही. बसमधल्या जनतेने ते नाटक समजून तोंड फिरवलं.

आमचा ट्रेनर २४ वर्षांचा आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, तुमचे ग्लूट्स झोपलेत." मग काय करतील बिचारे? रोज नऊ तास मी त्यांच्यावर बसतो, वर वाकडच्या पुलापाशी ट्रॅफिकमध्ये आणखी तासभर. हिंजवडीच्या मेट्रोची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली, तेव्हा माझी पँट ३२ ची होती. नंतर खांब उभे राहिले, मी बसलेलाच राहिलो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं-बिलणं करा आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या. मान्य. पण ते दोन दिवस आणायचे कुठून? अमेरिकेतल्या लोकांची सकाळ उजाडावी म्हणून रोज माझी संध्याकाळ जाते. ऑफिसने मध्यंतरी वेलनेस सप्ताह साजरा केला. म्हणजे बसून राहण्याच्या तोट्यांवर दीड तासाचं व्याख्यान झालं, जे आम्ही बसून ऐकलं. उंची कमी-जास्त होणारी टेबलं आली, ती वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांच्यावर आता कुंड्या आहेत. गेल्या आठवड्यात हातातलं घड्याळ 'उठा' म्हणालं म्हणून मी भर मीटिंगमध्ये उठून उभा राहिलो, तर साहेब म्हणाले, "अरे वा, स्वतःहून!" आणि पुढच्या रिलीजचं काम माझ्या गळ्यात पडलं. दिवसा त्या बैठका, रात्री या बैठका. पगार पहिल्यांचा मिळतो, जिमची फी दुसऱ्यांची जाते. वर्षाची एकदम भरली आहे, परत मिळत नाही. विचारून झालंय.

हिंजवडी आली. आजोबांची लेक तिथेच राहते. मी पुढच्या सीटचा दांडा धरला, मनात एक-दोन-तीन म्हटलं, चार बोटं वर गेलो आणि परत खाली आलो. बस खोळंबली. मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी आजोबांनी माझ्या काखेत हात घातला आणि मांडीवरच्या पिशवीसकट मला उभं केलं, धरून खाली उतरवलं, आपली पिशवी घेतली, माझी कॉलर सारखी केली.

दोन पावलं गेले आणि परत वळले.

"पंधराच ना नक्की?"