सारागढीचे एकवीस आणि फॉरवर्डातला युनेस्को

आमच्या बैठकीला नवा माणूस आला की त्यानं तीन गोष्टी सांगायच्या: नाव, राहतो कुठे आणि आवडती लढाई कोणती. नोकरीधंदा कुणी विचारत नाही. गेल्या महिन्यात रामदासपेठेतल्या एका गच्चीवर, तर्री-पोह्याच्या प्लेटा सांभाळत, तिघा नव्यांनी ओळख करून दिली. हिंगण्याला कंपनीत असलेल्यानं पावनखिंड सांगितली. ती दर वेळी कुणीतरी सांगतंच. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं १९६२ च्या चीन युद्धातली 'रेझांग ला' सांगितली. मानेवाड्याचा मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "सारागढी." तेवढ्यात कोपऱ्यातले कामठीचे निवृत्त सुभेदार खुर्ची ओढत पुढे आले. दोन वर्षांत हे गृहस्थ दहा वाक्यं बोलले नसतील. "अरे, ते तं आमच्या सिग्नलवाल्याची लढाई हाये!" पुढचा अर्धा तास त्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तोंड उघडू दिलं नाही. पोहे गार झाले.

सारागढी म्हणजे इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर असलेली एक छोटी लष्करी चौकी. १८९७ साली तिथले एकवीस शीख शिपाई शेवटपर्यंत लढत मेले. मी घरी पोचेपर्यंत त्या मुलानं मोठ्या प्रेमानं ग्रुपवर या लढाईचा एक फॉरवर्ड टाकला होता. तो तुम्हालाही आला असेल. दर सप्टेंबरात येतो. मजकूर थोडक्यात असा: युनेस्कोनं निवडलेल्या जगातल्या आठ सामूहिक शौर्यगाथांपैकी ही एक. २१ शीख विरुद्ध १२,००० अफगाण सैनिक, १,४०० ठार. बातमी कळताच ब्रिटिश संसदेनं कामकाज थांबवून उभं राहून मानवंदना दिली. एकवीसही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे आजचं परमवीर चक्र. फ्रान्समध्ये शाळेत शिकवतात, आपल्याकडे मात्र दडवलं. मध्ये चौकीचा प्रमुख हवालदार ईशरसिंग याचं दहा ओळींचं भाषण, आणि शेवटी "खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा".

मी पुढे पाठवलं नाही. त्या मुलाला रागावलोही नाही, कारण त्याची लढाई खरी आहे. तिला चिकटवलेल्या गोष्टी तेवढ्या सोलून काढायच्या आहेत.

युनेस्कोचं आधी उरकून टाकू. ही संस्था १९४५ साली स्थापन झाली. ती वारसास्थळांच्या याद्या करते, शिक्षण आणि विज्ञानाची कामं करते. शौर्याची क्रमवारी लावणं हे तिचं काम नाही आणि अशी आठांची यादी तिनं काढलेली नाही. फॉरवर्डवाल्याला विचारा, बाकीच्या सात कोणत्या? फार तर ग्रीकांच्या थर्मोपिलीच्या लढाईचं नाव येईल, मग शांतता. फ्रान्सच्या शाळांचंही तसंच. पुस्तक कोणतं, इयत्ता कोणती, हे आजवर एकाही फॉरवर्डात वाचलं नाही.

संसदेची गोष्ट मात्र मजेशीर आहे, कारण ती कॅलेंडर उघडलं की संपते. लढाई झाली १२ सप्टेंबर १८९७ ला. त्या वर्षीचं अधिवेशन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच संपलं होतं, आणि पुढचं भरलं १८९८ च्या फेब्रुवारीत. म्हणजे बातमी लंडनला पोचली तेव्हा सभागृह रिकामं. कामकाज थांबवायला आधी ते चालू लागतं ना! वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, लष्करानं केलं, त्यात शंका नाही.

आता पदकं. इथे थोडं थांबतो, कारण फॉरवर्डनं जे लपवलं ते खोट्यापेक्षा चांगलं आहे. व्हिक्टोरिया क्रॉस एकालाही मिळाला नाही. मिळणं शक्यच नव्हतं. हिंदी शिपायांना तो खुला झाला १९११ मध्ये, आणि पहिल्यांदा मिळाला १९१४ च्या लढाईसाठी, खुदादाद खान या शिपायाला. शिवाय त्या काळी मेलेल्याला तो द्यायचा प्रघात नव्हता. त्याच १८९७ च्या ऑगस्टात स्वात खोऱ्यात मारला गेलेला मॅक्लीन हा लेफ्टनंट तर गोरा साहेब. त्याला क्रॉस मिळायला १९०७ साल उजाडावं लागलं.

सारागढीच्या एकवीस जणांना मिळाला तो इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, तिसरी श्रेणी. "तिसरी" वाचून नाक मुरडू नका. हिंदी सैनिकाला तेव्हा मिळू शकणारा शौर्याचा हाच सर्वोच्च मान होता, आणि त्यात प्रवेश कायम तिसऱ्या श्रेणीतूनच व्हायचा. पुन्हा पराक्रम केला तर दुसरी, मग पहिली. मेलेल्या माणसाला पायरी चढायची संधी कुठून येणार? एका तुकडीतल्या झाडून सगळ्यांना एकाच दिवसाच्या लढाईसाठी तो मिळाला, हीच मुळात विलक्षण गोष्ट. तिच्यावर परमवीर चक्राचा मुलामा कशाला? परमवीर चक्र १९५० साली सुरू झालं.

"१२,००० अफगाण सैनिक." यातला "अफगाण" आधी घ्या. काबूलच्या अमीर अब्दुर रहमानचं सैन्य तिथे लढत नव्हतं. लढत होते आफ्रिदी आणि ओरकझाई या पठाण टोळ्यांचे लोक. अफगाणिस्तान आणि इंग्रजी मुलूख यांची हद्द ठरवणारी ड्युरंड रेषा १८९३ ची. त्याआधीच, १८९१ च्या मोहिमेनंतर, इंग्रजांनी सामाना डोंगराच्या धारेवर चौक्या बसवल्या होत्या. म्हणजे समोरचे लोक आपल्याच डोंगरावरून परक्यांना हाकलायला आले होते. शौर्य मोजताना हे विसरायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी विसरत नाही.

आणि १२,००० हा आकडा? दहा हजारांच्या आसपासचे अंदाज तेव्हापासून आहेत, पण ते लांबून बांधलेले, अख्ख्या धारेवर पसरलेल्या जमावाचे. ती सगळी माणसं एका चिमुकल्या चौकीच्या भिंतीला एका वेळी भिडू शकत नाहीत, तिथे जागाच नाही. मेलेल्यांचंही असंच. टोळीवाल्यांनी नंतर आपले सुमारे १८० गेल्याचं सांगितलं. इंग्रजी वृत्तांतांत चौकीभोवती ६०० प्रेतं येतात, पण त्यात १४ तारखेला मदतीला आलेल्या फौजेच्या तोफांनी पडलेलेही धरलेत. फॉरवर्डला १,४०० लागतात. पुढच्या वर्षी २,००० लागतील.

आकड्यांच्या बाबतीत आपण नागपूरकरांनी तरी सावध असायला हवं. बर्डीच्या टेकडीखालून आपण रोज जातो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला त्या टेकडीवर कंपनीचे तेराशे-चौदाशे लोक होते, आणि समोर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य, म्हणतात १८,०००. हे "१८,०००" कुणी मोजलं? जिंकलेल्यांनी. कंपनीच्या वृत्तांतात "मूठभर विरुद्ध अफाट" हा साचा ठरलेला होता, आणि त्या गोष्टीत अफाट आपण होतो. सीताबर्डीचा तो आकडा ऐकताना आपण भुवया उंचावतो. सारागढीचा ऐकताना टाळ्या का वाजवतो? दोन्हीकडे मोजणारा हात एकच आहे.

ईशरसिंगाच्या भाषणावर सुभेदारसाहेब सगळ्यात जास्त चिडले. त्यांचा मुद्दा साधा होता: आतला एकही माणूस जिवंत राहिला नाही, चौकी जळाली, मग भाषण ऐकलं कुणी? लिहून कुणी घेतलं? आपल्याला जे कळतं ते दोनच वाटांनी. एक, शेजारच्या किल्ल्यांतून जेवढं दिसलं ते. दुसरी, गुरमुखसिंग या शिपायानं आरशानं कळवलं ते.

हा आरसाच त्या लढाईचं कारण आहे, आणि फॉरवर्डात त्याचा शब्दही नाही! लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले सामानाच्या धारेवर, पण मध्ये उंचवटा असल्यानं एकमेकांना दिसत नव्हते. त्या उंचवट्यावर सारागढीची चौकी. काम एकच, इकडचा संदेश तिकडे पोचवणं. साधन हेलिओग्राफ: तिकाटण्यावर बसवलेला आरसा, ऊन त्यावर पाडायचं आणि आरसा किंचित हलवत मोर्स लिपीत लखलखाट पाठवायचा. चांगला हात असेल तर मिनिटाला दहा-बारा शब्द. ढग आला की सगळं बंद. म्हणून ३६व्या शीख पलटणीचे हे लोक तिथे होते. किल्ला लढवायला नव्हे, तार चालू ठेवायला. आणि हल्लेखोरांना चौकी हवी होती तीही त्यासाठीच. ती पडली की दोन्ही किल्ले एकमेकांना मुके.

सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई दुपारी तीनच्या पुढे चालली. लॉकहार्टमध्ये पलटणीचा प्रमुख कर्नल हॉटन एकेक लखलखाट वाचत होता. मदत पाठवायचा प्रयत्न झाला, वाट अडवलेली. हल्लेखोरांनी झुडपं पेटवून धुराचा पडदा केला आणि भिंतीच्या ज्या कोपऱ्यावर आतून नजर पोचत नव्हती तिथे खणायला सुरुवात केली. गुलिस्तानातून ते खणणं दिसत होतं. तिथून इशारेही दिले गेले, पण आरशावर एकच माणूस, तो दुसऱ्या दिशेला गुंतलेला. भिंतीला भगदाड पडलं. शेवटी गुरमुखसिंगानं परवानगी मागितली: यंत्र बंद करून रायफल घेऊ का? मिळाली. त्यानं हेलिओग्राफ उतरवला, कातडी पिशवीत नीट ठेवला आणि लढायला गेला.

सुभेदारसाहेब हे सांगताना थांबले. "बघ ना, परवानगी मागून राहिला. समोर मरण दिसून राहिलं, अन् हा ड्यूटी सोडायची परवानगी मागून राहिला." त्या भाषणाच्या दहा ओळी एका पारड्यात टाका आणि हे एक वाक्य दुसऱ्यात.

त्या सहा-सात तासांनी काय साधलं, याचं उत्तर गुलिस्तानात आहे. चौकी पाडून टोळ्या तिकडे वळल्या, पण दिवस कलला होता. किल्ला टिकला आणि १४ तारखेला कुमक पोचली. हॉटन स्वतः पुढच्या जानेवारीत तिराहच्या मोहिमेत मारला गेला.

"२१" या आकड्यातही एक खोट आहे, आणि ती फॉरवर्डवाल्यांच्या आधीची आहे. चौकीत एकवीस शिपायांबरोबर एक सेवक होता, दाद नावाचा, मुसलमान. नेमणुकीनं तो लढणारा नव्हे, त्यामुळे पदकाच्या यादीत नाही. तोही त्या दिवशी तिथेच मेला. "२१ शीख" हे घोषवाक्याला बरं वाटतं म्हणून त्याचं नाव गाळायचं, हे मला पटत नाही.

राहिलं "दडवलं". अमृतसरला सुवर्णमंदिराजवळ सारागढीचा गुरुद्वारा आहे, फिरोजपूरला दुसरा. दोन्ही शंभर वर्षांहून जुने. शीख रेजिमेंट दर १२ सप्टेंबरला हा दिवस पाळते. मोठा हिंदी सिनेमाही येऊन गेला. मराठी घरात कमी ठाऊक आहे हे खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्या वर्षी आपलं लक्ष दुसरीकडे होतं. पुण्यात प्लेग, २२ जूनला रँडवर गोळ्या, आणि ८ सप्टेंबरपासून मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला. सामानावर कुमक पोचली त्याच १४ सप्टेंबरला टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एकच सरकार, एकच आठवडा. म्हणून "ते भारतासाठी लढले" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही. ते पलटणीसाठी, शेजारच्या माणसासाठी आणि खाल्ल्या मिठासाठी लढले. उलट बाजूनं "इंग्रजांचे भाडोत्री" म्हणणारेही ग्रुपवर आहेतच. त्यांना मी बर्डीच्या टेकडीवरच्या मद्रासी शिपायांची आठवण करून देतो. तेही पगारीच होते, आपल्याच विरुद्ध होते, आणि रात्रभर हटले नाहीत.

हे सगळं मी मानेवाड्याच्या त्या मुलाला फोनवर सांगितलं. मला वाटलं, चिडेल. त्यानं निमूट ऐकलं आणि एवढंच विचारलं, "काका, तो आरसा कातडी पिशवीत ठेवल्याचं खरं ना?" खरं, म्हटलं. रात्री त्यानं जुना मजकूर काढून नवा टाकला, सहा ओळींचा: तारीख, दोन किल्ले, आरसा, परवानगी, एकवीस आणि दाद. खाली सुभेदारसाहेबांचा अंगठा.

तोच मजकूर त्यानं घरच्या ग्रुपवरही पाठवला. तिथे त्याच्या मामांचं उत्तर आलं: "चांगलं लिहिलं बे. पण युनेस्को काहून काढला?"