त्या मेसेजने मावशीची गोळी बंद केली

"शुगरवाल्यांना डिप्रेशन वगैरे काही नसतं. साखर आटोक्यात आणा, मन आपोआप ताळ्यावर येईल. मनाच्या गोळ्यांनी साखर वाढते, आयुष्यभराची सवय लागते. आजच बंद करा, सकाळी मेथीचं पाणी प्या." महिनाभर हा मेसेज आमच्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. तो सिडकोतल्या माझ्या मावशीकडे पोहोचला आणि तिने त्याच रात्री नैराश्याची गोळी सोडली. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

आधी ते "आजच बंद करा". या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. एकदम तोडल्या की चक्कर येते, झोप उडते, जीव नुसता कासावीस होतो. मावशीचं तेच झालं. मी गेले तेव्हा तिची साखरेची वही टेबलावर पडली होती. 'उपाशी' आणि 'जेवणानंतर' असे पट्टीने आखलेले रकाने, सहा वर्षं एक दिवस न चुकवलेले. शेवटचे नऊ दिवस कोरे. शेजारी साखर मोजायच्या स्ट्रिप्सची डबी, सीलही न फोडलेली. "मोजून काय करू गं?" एवढंच म्हणाली. रोज संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाणारी बाई ही.

आता सांगा, साखर आधी आटोक्यात येणार कशी? मोजायची, पथ्याचं रांधायची, चालायला निघायची उमेदच नैराश्याने खाल्लेली असते.

आणि "शुगरवाल्यांना नसतं" म्हणे! ४२ अभ्यास एकत्र तपासून २००१ साली निघालेला निष्कर्ष असा, की मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट असते. परदेशातलं नको असेल तर आपल्याकडचं घ्या. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणममधल्या चार दवाखान्यांत दोन्ही आजार असलेल्या ४०४ जणांवर चाचणी झाली, २०२० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना नेहमीचे उपचार; उरलेल्यांच्या मागे एक माणूस लावला, जो मन आणि साखर दोन्हींचा पाठपुरावा करायचा आणि डॉक्टरांना कळवायचा. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने उतरलंय आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलंय, असे लोक या गटात सुमारे ७२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत ५७.

गोळ्यांनी साखर वाढते, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिनसारख्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, त्यापाठोपाठ साखरही वाढू शकते. सगळ्यांनी नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यायची. साखर फार चढली की थकवा येतो, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, हेही खरं. मरगळ त्यानेही येऊ शकते, ते तपासून घ्या. सवयीचं म्हणाल तर दारूसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही. मेथीचं पाणी प्या खुशाल, पण गोळीच्या जागी नको.

मावशीची गोळी तिच्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे. काल वहीत एक आकडा पडला, उपाशीचा, १८६. जेवणानंतरचा रकाना अजून रिकामाच आहे. ज्यांच्या घरी असं कुणी गप्प बसलंय, त्यांनी टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर टाकलात, तिथेच हेही टाका.