कुलूप शाबूत, सायकल गेली: आमच्या दुकानावरच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाची सायकल गेली हे वाचून फार वाईट वाटलं. ती आमच्याच दुकानातून नेली होती आणि दहावीच्या निकालाची भेट होती, हे मला आठवतं.

तुमच्या तक्रारी तीन आहेत. आमच्याकडचं केबल लॉक फालतू निघालं, ते बदलून द्यायला आम्ही नकार दिला, आणि तुमच्या मिस्टरांच्या स्कूटरसाठी भीती घालून अडीच हजारांची कुलपाची चेन गळ्यात मारायला बघितली. म्हापशाला खरेदीला येणारे बरेच लोक हे रिव्ह्यू वाचून दुकानात येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुम्ही टाकलेला फोटो. बिल्डिंगच्या फाटकाला पुढचं चाक बांधलेलं आहे. केबल कुठेही कापलेली नाही, लॉक बंद आहे. चाकाच्या मधोमध एक छोटी कळ उलटी वळलेली दिसते, ती क्विक रिलीज. पंक्चर झालं तर पाना न लावता चाक काढता यावं म्हणून ती दिलेली असते. चोराने ती कळ फिरवली, चाक तिथेच सोडलं आणि मागच्या चाकासकट अख्खी सायकल नेली. कुलपाला त्याचा हातसुद्धा लागलेला नाही. जे कुलूप तुटलंच नाही ते मी बदलून देऊ शकत नाही. या बाबतीत माझं उत्तर दुकानात दिलं तेच आहे.

तुमच्यावर ढकलतोय असं कृपया समजू नका. पुढचं चाक बांधायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. जुन्या सायकलींची चाकं नटांनी घट्ट आवळलेली असत आणि मागच्या चाकाला गोल कुलूप बसवलेलंच यायचं, तेव्हा ते चालून जायचं. आताच्या गिअरच्या सायकलीला ते चालत नाही. बांधायची ती फ्रेम, आणि बांधायची ती जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला. चाकं आणि सीट त्यानंतर.

हातात एकच यू-लॉक (यू आकाराच्या जाड सळीचं कुलूप) असेल तर शेल्डन ब्राउन या अमेरिकन सायकल मेकॅनिकने सांगितलेली पद्धत मी सगळ्यांना दाखवतो. सीटखालच्या मागच्या त्रिकोणात यू-लॉक घालायचं, आत मागच्या चाकाची रिम आणि टायर धरायचा, आणि तिथूनच खांबाला अडकवायचं. वरवर बघता फ्रेम मोकळी वाटते, पण रिम त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, त्यामुळे चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. पुढच्या चाकाला मग केबल पुरते. केबलचा खरा उपयोग तो, म्हणूनच मी ती विकतो. बोटाएवढी जाड दिसली तरी वरचं सगळं प्लास्टिक असतं आणि आत बारीक तारांचा पीळ. चांगल्या कटरने ती काही सेकंदांत तुटते. सकाळी पाव आणायला गेलात, सायकल डोळ्यांसमोर आहे, तेवढ्यापुरती ठीक. रात्रभर एकट्या केबलच्या भरवशावर सायकल ठेवू नये, आणि काउंटरवर केबल घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे सांगतो.

तुमचं ते फाटकसुद्धा मी येताजाता बघितलं आहे. ते बिजागरीवरून सरळ वर उचललं की निघतं. अशा फाटकाला उत्तम यू-लॉक लावूनही उपयोग नाही. नो पार्किंगच्या पाटीचा बुटका खांबही तसाच, कुलपासकट सायकल वरून काढता येते. सोसायटीला सांगून स्टिल्टमधल्या, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमधल्या कोपऱ्यात जाड सळीचं उलटं यू काँक्रीटमध्ये बसवून घ्या. खालची टोकं आडवी वाकवून गाडायची, म्हणजे उपटून येत नाही. कोणताही वेल्डर करून देईल, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्याच कामाला येईल.

यू-लॉक घेताना मोठं घेऊ नका. आत रिकामी जागा जितकी कमी, तितकी पहार घालून पिळायला अडचण. गोल नळीसारखी किल्लीही टाळा. २००४ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीची महागडी कुलपं बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात हे लोकांनी व्हिडिओ करून दाखवलं होतं. तशा किल्लीची स्वस्त कुलपं अजून बाजारात आहेत, मी ठेवत नाही. लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे मात्र कोणतंच कुलूप कायम टिकत नाही, आणि माझं टिकेल असंही मी कधी म्हणणार नाही. चांगल्या कुलपाने चोराचा वेळ जातो आणि आवाज होतो. पैसे त्यासाठी द्यायचे.

आता ती अडीच हजारांची चेन. तुमचे मिस्टर डिस्क लॉक, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप मागायला आले होते. त्यांच्या स्कूटरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, डिस्कच नाही, तर डिस्क लॉक लावणार कुठे? गल्ल्यात पैसे टाकायचेच असते तर मी ते सातशे रुपयांचं लॉक गुपचूप दिलं असतं. हँडल लॉकचं म्हणाल तर ते जोरदार झटक्याने मोडतं. आणि मोडायची तरी गरज काय? शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर दोघे जण उचलून टेम्पोत टाकतात. तुमचे मिस्टर मुंबईला जाताना थिवी स्टेशनबाहेर स्कूटर दोन-तीन दिवस ठेवतात, असं त्यांनीच सांगितलं. इतके दिवस उघड्यावर राहणारी गाडी कशाला तरी बांधायलाच हवी, आणि त्याला चेनशिवाय इलाज नाही. ती मागच्या चाकातून घालावी. पुढचं चाक निघायला सोपं, स्कूटरचं मागचं काढायचं तर बहुतेक वेळा आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. चेन जमिनीवर लोळत ठेवू नका, ताणून वर घ्या. जमिनीवर पडलेल्या कडीवर छिन्नी ठेवून हातोडा मारता येतो, किंवा कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. हवेत लोंबणाऱ्या चेनला तसा जोर लावता येत नाही. चावीच्या भोकावरचं शटर आहे तेही बंद करत चला, फुकटचं संरक्षण आहे आणि निम्मे लोक ते वापरत नाहीत.

गोव्यात आणखी एक त्रास, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. किल्लीचं तोंड खाली राहील असं कुलूप लावा. आत खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. ग्रॅफाइट पावडर घाला. चवथीला अख्खी बिल्डिंग गावाला जाते, तेव्हा सायकल घरात घ्या. स्कूटर घरात येत नाही, ती बांधूनच जा.

तुमच्या रिव्ह्यूतलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य म्हणजे "पोलिसांत जाऊन काय होणार". ताई, कृपया जा. सापडलेली सायकल कोणाची हे कागदाशिवाय ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची तक्रार द्या. एफआयआर झाला की त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. पेडलच्या मधोमध, फ्रेमच्या तळाशी नंबर ठोकलेला असतो. तो आम्ही प्रत्येक बिलावर लिहितो, तुमच्याही बिलावर आहे.

स्कूटरच्या बाबतीत तर एफआयआरशिवाय विम्याचं पानही हलत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, मिस्टरांना पॉलिसी बघायला सांगा. दोन्ही चाव्या जपून ठेवा, कंपनी त्या मागते. कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने, एफआयआर लगेच केलेला असताना, दावा फेटाळता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २४ जानेवारी २०२० चा निकाल आहे. तरी उशीर करूच नये.

तुमच्या बिलाची प्रत शिक्का मारून काउंटरवर ठेवली आहे, तिचे पैसे नाहीत. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, तो दिवस सोडून कधीही या. फाटकाला राहिलेलं चाकही घेऊन या. हब तपासून देतो, आणि कळीच्या जागी किल्लीशिवाय न उघडणारा स्क्यूअर (चाक धरून ठेवणारा दांडा) बसतो का ते बघतो. मजुरी घेणार नाही, स्क्यूअरचे पैसे तेवढे पडतील. रिव्ह्यू ठेवायचा की बदलायचा हे तुम्हीच ठरवा, पण पोलीस ठाण्यात आधी जा.