नोली दे कास्त्रो यांची गोष्ट अशी घडलेली नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मराठी संदेश माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या वाटांनी आला. पहिल्या दोन वेळा मी तो वाचून सोडून दिला. तिसऱ्यांदा तो माझ्या बहिणीने पाठवला. तिची थोरली मुलगी फिलिपिन्समध्ये दावाओला वैद्यकीय शिक्षण घेते आणि तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तो फिरत होता. धाकटा मुलगा पुण्यात वृत्तपत्रविद्या शिकतो. त्याने संदेश वाचला आणि आईला सांगून टाकले की, एका दैनिकात प्रशिक्षणार्थी बातमीदार म्हणून ठरलेले काम आपण घेणार नाही. तालुक्याच्या बातम्या गोळा करण्यात वर्षे घालवण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर बसायला शिकलेले बरे, कारण एकदा चेहरा घराघरांत पोहोचला की पुढचे सारे आपोआप होते. मला त्याने एवढेच लिहिले, "मामा, हे वाचा आणि यात चूक काय ते सांगा."

संदेशाचा आशय असा : फिलिपिन्सचे नोली दे कास्त्रो हे साधे वृत्तनिवेदक, ना पक्ष, ना पाठबळ. लोकांनी केवळ त्यांच्या निर्भीड पत्रकारितेवर विश्वास ठेवून त्यांना देशात सर्वाधिक मतांनी सिनेटवर पाठवले आणि तीनच वर्षांत उपराष्ट्राध्यक्ष केले. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद चालून आले, ते त्यांनी नाकारले. मुदत संपताच ते पुन्हा बातम्या वाचायला बसले आणि राजकारणाकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. आपल्याकडच्या पत्रकारांनीही हाच मार्ग धरावा.

यात जे खरे आहे ते आधी मान्य करतो, कारण ते नाकारता येत नाही. ओरिएंटल मिंदोरो प्रांतातल्या पोला या लहान गावी १९४९ मध्ये जन्मलेला हा माणूस कोणत्याही राजकीय घराण्यातून आलेला नव्हता, आणि घराण्यांनी व्यापलेल्या त्या देशाच्या राजकारणात ही साधी बाब नाही. २००१ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्यांना सर्वाधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ६२ लाख मते मिळाली. २००४ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही वेळा त्यांच्या नावापुढे अपक्ष अशीच नोंद होती.

परंतु कागदावर अपक्ष असणे वेगळे आणि पाठबळ नसणे वेगळे. जानेवारी २००१ मध्ये जोसेफ एस्त्रादा यांना लोकांच्या उठावापुढे राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले आणि ग्लोरिया माकापागाल-अरोयो त्या पदावर आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या निवडणुकीत दे कास्त्रो हे 'पुवेर्सा नंग मासा' या एस्त्रादा समर्थकांच्या आघाडीच्या यादीतून लढले. तीन वर्षांनी तेच दे कास्त्रो अरोयो यांचे जोडीदार म्हणून, त्यांच्या 'के-४' आघाडीतून उभे होते. ज्या नेत्याला पायउतार व्हावे लागले त्याच्या बाजूने पहिली निवडणूक आणि त्याच्या जागी आलेल्या नेत्याच्या बाजूने दुसरी. हे बेकायदा नाही, आणि फिलिपिन्समध्ये फारसे असाधारणही नाही. मात्र ज्याला एकामागून एक दोन परस्परविरोधी आघाड्यांनी आपल्या यादीत घेतले, त्याच्याविषयी "ना पक्ष, ना पाठबळ" असे लिहिणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

आता त्या वाक्याकडे येतो ज्याने माझ्या भाच्याचा घात केला : "केवळ निर्भीड पत्रकारितेवर विश्वास ठेवून". संदेश लिहिणाऱ्याने हे कोठून आणले असेल? मतांच्या आकड्यातून पत्रकारितेची गुणवत्ता कळते, हे गृहीत धरल्याशिवाय असे लिहिता येत नाही. त्या देशातले मतदान कसे होते हे पाहिले तर हे गृहीतक उभेच राहत नाही.

फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये २४ सदस्य असतात आणि त्यांना मतदारसंघ नसतात. संपूर्ण देश हाच एक मतदारसंघ. दर तीन वर्षांनी निम्म्या जागा भरल्या जातात. २००१ मध्ये एक जागा मध्येच रिकामी झाल्याने १३ जागा भरायच्या होत्या. मतमोजणी यंत्रे देशभर आली ती २०१० मध्ये. तोपर्यंत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसत. रिकाम्या ओळी असत आणि मतदाराने प्रत्येक नाव स्वतःच्या हाताने लिहायचे असे. छापील नावापुढे आणि चिन्हापुढे शिक्का मारण्याची किंवा बटण दाबण्याची सवय असलेल्या आपल्याला याची कल्पना करणे कठीण जाते. सिनेटची डझनभर नावे आणि त्यांच्या जोडीला स्थानिक पदांची नावे, इतके सारे आठवून लिहायचे म्हटल्यावर कोणते नाव हाताशी येईल? रोज संध्याकाळी कानावर पडणारे.

दे कास्त्रो यांचे नाव तसे होते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'टीव्ही पॅट्रोल' या एबीएस-सीबीएन वाहिनीच्या संध्याकाळच्या बातमीपत्राचे ते निवेदक होते. १९८८ पासून त्यांचा 'मागांदांग गाबी, बायान' हा कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबरअखेरीस त्याचे भुताखेतांच्या गोष्टींचे विशेष भाग लागत, आणि त्या पिढीतले लोक आजही त्यांची आठवण काढतात. नभोवाणीवर ते 'काबायान', म्हणजे आपला देशबांधव, या नावाने ओळखले जात आणि प्रचारातही हेच नाव वापरले गेले. त्यांचे खरे नाव मॅन्युएल आहे. लोकांना माहीत होते ते नोली. हे नाव लक्षावधी मतदारांच्या बोटांवर आले, कारण ते त्यांच्या जिभेवर आधीच होते. त्यात त्यांच्या बातमीदारीचा वाटा नव्हता असे मी म्हणत नाही. पण बातमीचा खरेपणा, भुताच्या गोष्टींची गोडी आणि रोजच्या ओळखीची ऊब यांपैकी कशाचा वाटा किती होता, हे मतपत्रिका सांगत नाही.

याला आणखी एक पुरावा आहे, आणि तो याच गोष्टीत दडलेला असूनही संदेशात नाही. २००४ मध्ये दे कास्त्रो यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी हरवले कोणाला? लोरेन लेगार्दा यांना. त्याही एबीएस-सीबीएनच्याच नामांकित वृत्तनिवेदिका. दे कास्त्रो यांना सुमारे १ कोटी ५१ लाख आणि लेगार्दा यांना सुमारे १ कोटी ४२ लाख मते पडली. फरक साधारण ८ लाख ८१ हजारांचा. लेगार्दा १९९८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या आल्या होत्या, २००४ मध्ये हरल्या, २००७ मध्ये सिनेटला पुन्हा पहिल्या आल्या आणि २०१० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पुन्हा हरल्या. मते हे जर पत्रकारितेचे प्रशस्तिपत्र असेल, तर त्यांची पत्रकारिता १९९८ ला खरी, २००४ ला खोटी, २००७ ला खरी आणि २०१० ला पुन्हा खोटी झाली असे मानावे लागेल. जीएमए वाहिनीचे परिचित बातमीदार जिगी मानिकाद २०१९ मध्ये सत्ताधारी बाजूच्या यादीतून सिनेटसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. तेव्हा चेहरा घराघरांत पोहोचला की पुढचे आपोआप होते, हेही खरे नाही.

या मार्गात धोका आहे हे ओळखण्यासाठी कोणा बाहेरच्याची गरज नव्हती; खुद्द फिलिपिन्सच्या कायदेमंडळाने तो ओळखला होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मंजूर झालेला प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९००६, ज्याला निष्पक्ष निवडणूक कायदा म्हणतात, त्याचे कलम ६.६ माझ्या भाच्याने एकदा शांतपणे वाचावे. स्तंभलेखक, भाष्यकार, निवेदक, बातमीदार किंवा प्रसारमाध्यमातील कोणतीही व्यक्ती निवडणुकीला उभी राहिली, तर मालक संस्थेची तशी अट असल्यास तिने राजीनामा दिला असे समजले जाईल, आणि तशी अट नसल्यास प्रचाराच्या काळात तिने रजा घेतली पाहिजे, असे ते सांगते. जिला बातमी सांगायची आहे आणि जिच्याविषयी बातमी द्यायची आहे, ती व्यक्ती एकच असू नये, हा त्यामागचा विचार आहे. तरीही त्यात एक मोठी फट आहे. रजेचे बंधन प्रचाराच्या काळापुरते, आणि सिनेटसाठी तो काळ ९० दिवसांचा. त्याआधीच्या वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी या कायद्याबाहेर राहतात. त्या संध्याकाळी ज्याला उद्या मते मागायची आहेत, त्याने आज एखाद्या नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारला की नाही, आणि विचारला नसेल तर का, हे प्रेक्षकाला कधीही कळत नाही. मी दे कास्त्रो यांच्यावर आरोप करत नाही. या व्यवस्थेत प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. संदेशकर्त्याला हा मार्ग आपल्याकडच्या तरुण पत्रकारांसाठी आदर्श वाटतो, याचा मला संताप येतो.

राष्ट्राध्यक्षपद नाकारल्याची कथा तर मुळातच निराधार आहे. जून २००५ मध्ये अरोयो आणि निवडणूक आयोगाचे एक आयुक्त यांच्यातील मानल्या गेलेल्या दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. २७ जूनला अरोयो यांनी दूरचित्रवाणीवरून, निवडणूक अधिकाऱ्याशी बोलणे ही आपली चूक होती असे सांगून माफी मागितली. ८ जुलैला मंत्रिमंडळातील व वरिष्ठ पदांवरील दहा जणांनी राजीनामे देऊन अरोयो यांनी पायउतार व्हावे अशी मागणी केली. माजी राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनीही तेच म्हटले. दे कास्त्रो त्या मागणीत सामील झाले नाहीत, इतकेच खरे आहे. १९८७ च्या राज्यघटनेच्या सातव्या प्रकरणातील आठव्या कलमानुसार उपराष्ट्राध्यक्ष राष्ट्राध्यक्ष होतो तो मृत्यू, कायमची असमर्थता, पदच्युती किंवा राजीनामा यांपैकी काही घडले तरच. अरोयो यांनी राजीनामा दिला नाही, आणि त्यांच्याविरुद्धची महाभियोगाची तक्रार सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने १५८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली. पद रिकामेच झाले नाही. जे ताट समोर वाढलेच गेले नाही ते सरकवून दिल्याचे श्रेय कोणालाही देता येणार नाही. शिवाय त्यांच्या मौनाचे दोन अर्थ तेव्हाही लावता येत होते आणि आजही येतात : घटनेविषयीचा आदर, किंवा ज्या सरकारात आपण गृहनिर्माण समन्वय परिषदेचे प्रमुख आहोत त्याच्याशी निष्ठा. संदेशकर्त्याने तिसराच, त्यागाचा अर्थ काढला, ज्याला घटनांचा आधार नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. ३० जून २०१० ला मुदत संपल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते 'टीव्ही पॅट्रोल'वर परतले, हे बरोबर आहे. पण सहा वर्षे एका सरकारचा भाग असलेल्या माणसाने त्याच सरकारच्या काळाविषयी पुन्हा बातम्या सांगाव्यात का, हा प्रश्न त्या परतण्यासोबत येतो, आणि संदेशात तो नाही. "राजकारणाकडे वळूनही पाहिले नाही" हे सरळ खोटे आहे : ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी आक्स्योन देमोक्रातिको पक्षाकडून सिनेटसाठी उमेदवारी अर्ज भरला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला.

भाच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायची राहिली, जी संदेशातून पूर्णपणे गळली आहे. दे कास्त्रो कॅमेऱ्यासमोरून सुरू झाले नाहीत. १९७० च्या दशकात त्यांनी नभोवाणीवर, घटनास्थळी जाऊन बातमी देणारा बातमीदार म्हणून कामाला सुरुवात केली. तेव्हाचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ मध्ये बंद पाडलेली एबीएस-सीबीएन १९८६ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा ते तिथे गेले. तोवर त्यांची दहाएक वर्षे नभोवाणीवर, बिनचेहऱ्याच्या बातमीदारीत गेली होती. ज्या दैनिकाचे काम तू सोडायला निघाला आहेस, तिथे तुला पहिल्या महिन्यात पंचायत समितीच्या बैठकीला पाठवणार आहेत असे तुझी आई सांगत होती. त्या बैठकीला जा, आणि तुझी पहिली बातमी छापून आली की मला पाठव.