‘इग्नोर एरर्स’ लिहिणाऱ्यांनो, पुरे!

अँसिबल, म्हणजे सर्व्हर आपोआप सेट करणारं साधन. त्यातलं एखादं टास्क, म्हणजे एक काम, फसलं की त्याखाली ‘इग्नोर एरर्स: येस’ (चुकीकडे दुर्लक्ष कर) लिहून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? चूक झाकली, सर्व्हर तसाच अर्धवट. आणि मग जुलैच्या धो धो पावसात, रत्नागिरीत लाईट गेलेली, इन्व्हर्टर कधीही मान टाकेल, मोबाईलच्या एका दांडीवर मी शोधत बसायचं नेमकं कुठे बिनसलं ते!

त्याहून संताप हँडलरचा, म्हणजे बदलाचा निरोप आला तरच चालणाऱ्या, इथे सेवा रीस्टार्ट करणाऱ्या टास्कचा. कॉन्फिग फाईल बदलली, हँडलरला निरोप गेला. पण तो चालतो प्लेच्या, म्हणजे टास्कच्या यादीच्या, शेवटी. मधेच दुसरं टास्क कोसळलं की रीस्टार्ट होतच नाही. पुन्हा चालवा, तर फाईल आधीच बदललेली, म्हणून निरोपच जात नाही! स्क्रीनवर सगळं हिरवं, सेवा मात्र जुन्याच सेटिंगवर. मधे काही कोसळलं तरी निरोप गेलेले हँडलर चालवणारं ‘फोर्स हँडलर्स’ कशासाठी आहे मग? वापरा की!

आणि ऊठसूट शेल मॉड्यूल, म्हणजे थेट कमांड चालवणारं, कशाला? अँसिबल 2012 पासून आहे. पॅकेज, सर्व्हिस, फाईल, सगळ्याला वेगळी मॉड्यूल्स आहेत. शेल काही सांगितलं नाही तर दर वेळी ‘चेंज्ड’च म्हणणार. खरं काय बदललं ते कळणार कसं? त्यात यामलमध्ये, म्हणजे ही टास्क लिहायच्या फॉरमॅटमध्ये, ओळ आत सरकवायला टॅब! स्पेस द्या रे, स्पेस!

वर सर्व्हरवर लॉगिन करून हाताने ‘तात्पुरता’ बदल करणारे. पुढच्या रनला तो पुसला जातो आणि फोन मला येतो. गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकायला असा किती वेळ लागतो?