जुन्या हेडफोनचा ‘खरा आवाज’ : थोडा फोमचा, थोडा जॅकचा

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडून येतोय. म्हणणं असं की सत्तरच्या दशकातले हेडफोन आजच्यापेक्षा नैसर्गिक वाजतात, वर्षानुवर्षं वाजून त्यांचे ड्रायव्हर (म्हणजे आतले छोटे स्पीकर) ‘मुरलेले’ असतात, ओम (म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध) जितके जास्त तितकी क्वालिटी भारी, आणि आवाज मोजून काढलेले ग्राफबिफ सगळं झूठ, कानावर विश्वास ठेवा. सोबत पिवळ्या फोमवाल्या सेनहायझर एचडी ४१४ चा फोटो. तोच माझ्याकडे आहे म्हणून हात शिवशिवले.

आधी ‘नैसर्गिक’. ४१४ आला १९६८ ला, तोवर हेडफोन म्हणजे बहुतेक जड बंद वाट्या आणि आत घाम. यांनी मागची बाजू उघडी ठेवली, कानावर नुसता फोम, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण कानाभोवती सीलच नाही म्हटल्यावर खालचा बेस गळून जातो. माझ्या सेटवर तंबोरा काय लागतो, जवारी अगदी समोर, पण डग्ग्याचा घुमारा शोधावा लागतो. वाट्या कडेला बोटांनी धरून कानावर जरा दाबल्या की डग्गा परत हजर. मग यातला नैसर्गिक कुठला?

मुरायचं म्हणाल तर लोणचं मुरतं हो, फोम कुजतो. आपल्याकडच्या दमट हवेत तर विचारूच नका, आधी चिकट होतो, मग भुगा. मी डबा उघडला तेव्हा आत पिवळी पूड होती. घाईत एक पातळ काळा फोम चढवला, ड्रायव्हर कानाच्या दोनतीन मिलिमीटर जवळ आला आणि गायिकेचा ‘स’ सुईसारखा टोचायला लागला, मग जाड पिवळा मागवून लावला तेव्हा कुठे शांत झाला. ड्रायव्हर तोच होता बरं का. तेव्हा कोणी ‘ओरिजिनल साउंड’ म्हणून विकत असेल तर आधी विचारा, फोम कुठल्या सालचा?

आता ओम. ४१४ चे २००० ओम बघून लोक हरखतात, पण ती तेव्हाच्या जॅकची सोय होती. बऱ्याच अॅम्पमध्ये स्पीकरचंच आउटपुट मध्ये काहीशे ओमचा रेझिस्टर टाकून हेडफोनला द्यायचे, आणि २००० ओमवाल्याला त्याचा फारसा फरक पडत नाही. आज तोच मोबाईलला लावा. १ व्होल्ट मिळाला तरी २००० ओमला जेमतेम अर्धा मिलिवॅट जातो, ३२ ओमवाल्याला ३१. म्हणजे आवाज हळू, आणि आपण म्हणतो ‘काय सॉफ्ट, गोड आहे’.

उलटाही प्रकार होतो. समजा हेडफोन ३०० ओमचा आहे, पण बेसच्या एका पट्ट्यात त्याचे ओम ५५० पर्यंत चढतात. ज्या जॅकमागे १२० ओमचा रेझिस्टर आहे त्यावर लावला की व्होल्टेज दोघांत वाटलं जातं, जास्त ओमच्या पट्ट्याला जास्त वाटा मिळतो, आणि तेवढाच पट्टा साधारण १.२ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर येतो. जुन्या अॅम्पची ‘ऊब’ म्हणतात तिच्यातला बराच भाग हाच भागाकार असतो, बाकी काही नाही.

राहिला ग्राफ. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी कुठला हेडफोन आहे ते कळू न देता लोकांना ऐकवलं, कुणाला काय आवडलं ते टिपलं आणि त्यातून त्यांचा तो प्रसिद्ध टार्गेट कर्व्ह, म्हणजे हेडफोनचा ग्राफ कसा असावा याचा नमुना, निघाला. म्हणजे ज्या ग्राफला शिव्या घालताय तो कानांनीच काढलाय! एक मात्र कबूल, कानावर टेकणाऱ्या अशा हेडफोनचं मोजमाप भलतं चंचल असतं, जरा सरकला, चष्म्याची काडी मध्ये आली की रेघ बदलते, त्यामुळे जुन्या सेटचा एखादा ग्राफ म्हणजे त्या सेटचा, त्या फोमचा, त्या दिवसाचा. आणि उघडेपणाची ती मजा त्या एका रेघेत दिसत नाही, म्हणून तर माझा ४१४ मी विकलेला नाही.

बाकी फॉरवर्डमधला फोटो नीट बघा, बाजूला टाइप-सी चार्जर पडलाय आणि फोम पिवळाधमक. म्हणजे गेल्या वर्षा-दोन वर्षांत बदललेला.